बाईंचा फोन

मुंबईच्या माणसाला वांगणी म्हटलं की बदलापूरच्या पुढचं स्टेशन आठवतं. मी म्हणतो ती वांगणी जव्हार तालुक्यातली, आणि तिचं नाव सहसा एकटं घेतलं जात नाही. वावर-वांगणी असं जोडीनेच घेतलं जातं. 1992-93 साली या भागातल्या पाड्यांवर सव्वाशेच्या आसपास लहान मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला ही नावं पहिल्यांदा कळली. तेव्हा इथे ठाणे जिल्हा होता. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. मंत्रालयापासून शे-दीडशे किलोमीटरवर मुलं एकामागून एक जात राहिली आणि ती जात आहेत हे कळायला इतका वेळ लागला, याची बोच जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे.

म्हणून आधीच सांगतो, मुलांची मोजदाद व्हायलाच हवी. कुठल्या पाड्यावर कुणाचं मूल किती वजनाचं आहे, कोण सॅममध्ये (तीव्र कुपोषित) आहे, कोण मॅममध्ये (मध्यम कुपोषित), कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, ही माहिती दर महिन्याला वरपर्यंत पोचलीच पाहिजे. ती पोचत नव्हती तेव्हा काय झालं हे वावर-वांगणीने दाखवलं आहे. माझा प्रश्न त्या माहितीच्या वाटेबद्दल आहे. आज ती एका बाईच्या, अंगणवाडी सेविकेच्या, फोनमधून जाते. तो फोन पुष्कळदा तिने स्वतःच्या पैशाने, कधी हप्त्यावर, कधी मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला असतो. सरकारी कामाने त्या फोनमध्ये मुक्काम ठोकला, तेव्हा त्या बाईला कुणी विचारलं होतं का?

अंगणवाडीची कल्पना याच जिल्ह्यातली आहे, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत ते काम वाढवलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात जाईल, असं त्या दोघींचं साधं म्हणणं होतं. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी अनुताई कुरणात शाळा घेऊन गेल्या. पण अंगणात जायचं तर आधी विश्वास मिळवावा लागतो. दारात आलेल्या बाईला आधी घरातली माणसं न्याहाळतात, मग बसायला देतात, आणि मूल तिच्या मांडीवर द्यायला तर बराच काळ जावा लागतो. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली, तरी वांगणीसारख्या गावात ती आजही याच विश्वासावर चालते. वजनकाटा सरकारचा, पण त्यात मूल ठेवणारी आई बाईंच्या भरवशावर ठेवते.

या भरवशातून बाईंना काय काय कळतं, याचा शहरातल्या माणसाला अंदाज नसतो. घरात सासूलाही सांगितलेलं नसतं तेव्हा दिवस गेल्याचं बाईंना कळलेलं असतं. कुणाचं पोट मागच्या पावसात पडलं, कुणाच्या पोरीचं लग्न अठराच्या आधी लागलं आणि आता ती गरोदर आहे, कोणाचा नवरा पिऊन मारतो म्हणून ती माहेरी राहून बाळंत होणार आहे, हे सगळं त्यांच्या पोटात असतं. रजिस्टरात त्यातलं हवं तेवढंच उतरायचं. रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली बाईंच्या कमरेला. खेड्यात कुणाचं काही लपत नाही, तिथे कसलं आलंय खासगीपण, असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. जिथे दहा घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत तिथे कुणाला काय सांगायचं आणि कुणासमोर गप्प बसायचं, याचं भान शहरापेक्षा कितीतरी जास्त असतं. पाड्यावर खासगीपण माणसाच्या तोंडावर अवलंबून असतं, आणि ज्या बाईंच्या तोंडावर गाव विसंबतं त्यांनाच मुलं दिली जातात.

मग फोन आला. मार्च 2018 मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि महाराष्ट्रात लाखभर सेविकांना सरकारी मोबाईल मिळाले. ते तापायचे, हँग व्हायचे, मेमरी पुरायची नाही; दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या गळ्यात पडायचा. 1 मार्च 2021 ला केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं, आणि ते त्या फोनांना पेलेना. ॲप इंग्रजीत, नावं इंग्रजीत भरायची, पानं इंग्रजीत वाचायची. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल वापसी असं त्या आंदोलनाचं नाव पडलं. संघटना उच्च न्यायालयात गेल्या, मराठी ॲप मागितलं. पुढे 2023 च्या फेब्रुवारीतल्या संपात आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालेल्या लांबलेल्या संपातही चांगला मोबाईल ही मागणी मानधनाच्या मागणीच्या जोडीला होती. नंतर नवे फोन आलेही. पण मधल्या काळात माहिती भरणं थांबलं नव्हतं. ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन होता त्यांना त्यात ॲप टाकायला सांगितलं जाई, ज्यांच्याकडे नव्हता त्या मुलाचा किंवा नवऱ्याचा मागून घेत. आणि एकदा ॲप घरच्या फोनमध्ये शिरलं, एकदा तो नंबर कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, की नंतर दुसरा फोन हातात आला तरी पहिला मोकळा होत नाही.

आशाताईंच्या बाबतीत तर स्वतःचा फोन हेच गृहीत धरलेलं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको हे त्यांच्या मागण्यांत होतं. मोखाड्यात रोजगार हमीच्या बांधावर मजुरांची हजेरी घ्यायची तीही मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून, ठिकाणाच्या नोंदीसह. 1 जानेवारी 2023 पासून हे सगळ्या कामांना सक्तीचं झालं, आणि तो मोबाईल बहुतेक वेळा रोजगार सेवकाचा किंवा मेटचा स्वतःचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचंही तेच. आहार किती मुलांनी खाल्ला, हजेरी किती, वृक्षारोपणाचा फोटो, प्रभातफेरीचा फोटो, सगळं त्याच्या खिशातल्या फोनवरून.

असा एक फोन मी जवळून पाहिला आहे. पडद्याला कोपऱ्यात चीर गेलेली, मागे पारदर्शक कव्हर, कव्हरात दहाची घडी घातलेली नोट आणि मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो. बाईंनी मला त्यात भाच्याच्या हळदीचे फोटो दाखवायला घेतले. बोट सरकवताना मध्येच एक आधार कार्ड आलं. पुन्हा हळद, पुन्हा आधार कार्ड, मग बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, मग एका बाईचा भिंतीला टेकून उभा राहून काढलेला फोटो, परत पासबुक. बोट सरकत होतं आणि गावातल्या बायकांची खाती, जन्मतारखा, पत्ते हळदीच्या गाण्यांच्या व्हिडिओंमधून वाहत होते. हे लाडक्या बहिणीचे, त्या म्हणाल्या. 2024 च्या जुलैमध्ये ती योजना सुरू झाली तेव्हा नारीशक्ती दूत ॲपवर सेविकांनी अर्ज भरले. अर्जामागे 50 रुपये मिळतील असं सांगितलं होतं. ॲप स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडायचं, रेंज मिळेल तिथे भरायचं. वांगणीच्या बाजूला पाऊस लागला की रेंज चढावर जाते, तेव्हा आधी कागदांचे फोटो काढून ठेवायचे आणि रात्री चढावर जाऊन एकेक चढवायचे. काम झालं, पण ते फोटो काढून टाका असं कुणी सांगितलं नाही. बाईंनाही भीती: उद्या कुणाचा अर्ज बाद झाला आणि वरून कागद मागितले तर? म्हणून ठेवलेत.

हा फोन रात्री त्यांच्या मुलाच्या हातात असतो. तो कॉलेजला आहे, त्याचा अभ्यास त्यावरच. नवरा त्यावर तालुक्याच्या बातम्या बघतो. बिघडला की जव्हारच्या दुकानात जातो, आणि दुकानदाराला पॅटर्न सांगावाच लागतो, नाहीतर तो दुरुस्त झाला का हे तपासणार कसा. पेटीची किल्ली कमरेला ठेवणाऱ्या बाईंवर ही वेळ कुणी आणली? त्यांच्या हलगर्जीपणाने हे झालेलं नाही. ज्या गुप्ततेची जबाबदारी कचेरीची होती ती एका घरच्या फोनवर टाकून कचेरी मोकळी झाली.

दुसरी बाजूही आहे, आणि ती बाईंच्या स्वतःच्या आयुष्याची. ॲप उघडताना कॅमेरा, लोकेशन, अशा परवानग्या मागितल्या जातात. हो म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणजे विचारण्याला अर्थ उरत नाही. ग्रुपवर सकाळी केंद्र उघडल्याचा फोटो, ठिकाण आणि वेळ फोटोवरच उमटलेली. त्याच फोनवर नणंदेचा निरोप, बचत गटाचा हिशोब, दवाखान्याचा कागद. सुट्टीच्या दिवशी सायंकाळी पर्यवेक्षिका मॅडमचा मेसेज आला आणि निळ्या खुणा दिसूनही उत्तर नाही गेलं, तर दुसऱ्या दिवशी विचारणा. मी हे ऐकत होतो तेव्हा बाईंनी फोन उलटा करून पदराखाली ठेवला होता. का, विचारलं तर म्हणाल्या, सवय लागली. वाजला की छातीत धस्स होतं.

आता यातली खरी मेख. अंगणवाडी सेविका सरकारी कर्मचारी नाही, ती मानसेवी आहे, असं सरकार गेली पन्नास वर्षं सांगत आलं आहे. तिला पगार नाही, मानधन. 2023 मध्ये ते वाढून 10,000 झालं तेव्हाही ते मानधनच होतं. ग्रॅच्युइटीसाठी गुजरातच्या सेविकांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि 25 एप्रिल 2022 ला न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पैसे द्यायची वेळ आली की ती स्वयंसेविका. मग तिच्या हजेरीचा फोटो कोणत्या नात्याने मागता? तिचं लोकेशन कोणत्या नात्याने बघता? नोकरीचे हक्क नाहीत आणि नोकरीतली नजर मात्र पुरेपूर, असा व्यवहार आपण एका आदिवासी तालुक्यातल्या बाईशी करतो आहोत आणि त्याला डिजिटल प्रगती म्हणतो आहोत. मला याचा संताप येतो.

नजरेची ही हौस एकट्या या खात्याची नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. झाडू कुठे फिरला हे दाखवणारी. हरियाणातल्या आशांना 2021 मध्ये दिलेल्या फोनांत असं ॲप होतं की त्या कुठे फिरतात ते वरून दिसेल आणि फोनवरचा ताबाही वरच राहील. त्यांनी ते नाकारलं. एप्रिल 2020 मध्ये आरोग्य सेतू आलं आणि मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आदेशाने सरकारी-खासगी सगळ्या नोकरदारांना ते सक्तीचं केलं गेलं, मग दोन आठवड्यांत ती सक्ती सैल करावी लागली. ज्यांना बोलता येतं, ज्यांचे वकील आहेत, त्यांच्यासाठी सक्ती लवकर सैल होते.

हिंजवडीतल्या कुणाला विचारा. कंपनीचा मेल स्वतःच्या फोनवर हवा असेल तर कंपनीचं प्रोफाइल टाकावं लागतं. अँड्रॉइडमध्ये 2014 पासून ही सोय आहे: एकाच फोनचे दोन कप्पे, कामाच्या ॲपांवर बॅगेची छोटी खूण, आणि नोकरी सुटली की कंपनी आपला कप्पा पुसते, घरचे फोटो जागेवर राहतात. त्यातही कुरबुरी आहेत, कंपनीला नक्की किती दिसतं याच्या शंका आहेत, पण निदान एक भिंत आहे. कॅलिफोर्नियात तर 2014 मध्येच अपील न्यायालयाने म्हटलं की कामासाठी स्वतःचा फोन वापरायला लावला तर बिलाचा वाजवी वाटा मालकाने दिलाच पाहिजे, मग त्या माणसाचा कॉलचा प्लॅन कसाही असो. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं. ते कायद्यात उतरलं नाही. पण ही सगळी चर्चा ज्या नोकरदारांना डोळ्यासमोर ठेवून होते त्यांच्यात वांगणीच्या बाई कुठेच नसतात. दोन कप्प्यांचं तंत्र तयार आहे. ते पाड्यावर आणायला नवा शोध लागणार नाही, लागेल ते फक्त कुणाला तरी त्यांची आठवण होणं.

कायदाही आहे. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा दिलेली आहे. शासनाला योजनांचा लाभ देण्यासाठी वेगळी मुभा आहेच. म्हणजे बाई नोकर म्हणून एका फटीतून निसटतात आणि त्यांच्या पुढ्यातली गरोदर बाई लाभार्थी म्हणून दुसऱ्या. कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. फटी मात्र नेमक्या तिथे आहेत जिथे माणूस सर्वांत कमी बोलू शकतो.

1 जुलै 2025 पासून घरपोच आहार देताना चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. आधी आधारची पडताळणी, त्यासाठी ओटीपी, मग चेहऱ्याचा फोटो, पापणी मिटा, उघडा, आणि दर वेळी पाकीट देताना पुन्हा चेहरा. वांगणीत याचा अर्थ काय होतो ते सांगतो. दिवाळी झाली की इथली घरं जगायला जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. जगायला जाणं हाच इथला शब्द आहे. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा भट्टीवर आणि बाई बाळंतपणासाठी गावात. ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तो चिखल मळतोय, फोन झोपडीत चार्जिंगला. इकडे सेविका स्वतःच्या रिचार्जवर त्याला तीन-तीनदा फोन लावते. कधी उचललाच तर पलीकडून आधी संशय येतो: कोण बोलतंय, कसला नंबर मागताय? त्याचं चुकत नाही, ओटीपी कुणाला सांगू नका हे त्याला त्याच फोनवर रोज ऐकवलं जातं. आणि सरकारी कामासाठी तोच सांगायचा, एका खासगी नंबरवरून आलेल्या फोनवर. ज्या भरवशावर आई मूल वजनकाट्यात ठेवत होती त्याला इथे तडा जातो. बाईंनी तोंडावर कॅमेरा धरला की काही बायका पदर ओढून घेतात. आहार नको पण फोटो नको, असं म्हणणारीही असते. मग ते मूल नोंदीतून गळायला लागतं, म्हणजे 1992 ला जे झालं त्याच दिशेने आपण ॲप घेऊन चाललो आहोत.

बाईंचं म्हणणं फार थोडं आहे. काम सरकारचं तर फोन, सिम आणि रिचार्ज सरकारचं असावं, आणि ते बिघडलं तर दुरुस्तीही. घरच्या नंबरवर ग्रुप नको. ॲपने काढलेला फोटो ॲपमध्येच राहावा, गॅलरीत उतरू नये. हे करणं ॲप बनवणाऱ्याला मुळीच अवघड नाही. नेट नसलं म्हणून कागदावर घेतलेली नोंद खोटी मानू नये. केंद्र बंद झालं की फोन बंद करायची मुभा असावी. यात मोजदादीला नकार कुठे आहे?

सेविका निवृत्त होते तेव्हा चार्ज द्यावा लागतो. नव्या बाईंच्या नावे यादी होते: वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, कुकर, ताटं, सतरंजी, पेटी, पेटीतली रजिस्टरं, एकेक वस्तू मोजून दोघींच्या सह्या, खाली मॅडमची सही. अशी एक यादी मी वाचली. चमच्यांचीही संख्या होती. ज्यांनी ती दिली त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये त्या दिवशीही गावातल्या बायकांची आधार कार्डं, पासबुकं आणि चेहरे होते, त्यांचा नंबर अजून अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला होता, आणि लोक त्यावर फोन करत होते. यादीत या सगळ्यासाठी रकाना नव्हता. मी विचारलं, हे फोटो आता कुणाकडे द्यायचे? त्यांनी तोच प्रश्न मॅडमना विचारला होता. मॅडमनी तालुक्याला विचारते म्हणून सांगितलं. तालुक्याचं उत्तर अजून यायचं आहे.